नियम एकदाच वाचावेत

जर्मनीच्या केंद्र सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला २७ नोव्हेंबर २०२० पासून, काही लहानसहान अपवाद सोडले तर, कागदी बिल देता येत नाही. साधे पीडीएफही चालत नाही, कारण पीडीएफ माणूस वाचू शकतो, पण यंत्राला त्यातला आकडा हुडकत बसावे लागते. बिल एक्सएमएलमध्ये आणि ठरलेल्या रचनेतच द्यावे लागते. बिलाचा क्रमांक, विक्रेत्याचा कर क्रमांक, प्रत्येक ओळीची रक्कम, सगळे आपापल्या खुणेत. या रचनेमागे ईएन १६९३१ हे २०१७ साली प्रसिद्ध झालेले युरोपीय प्रमाण आहे आणि त्याला जोडून नियमांची लांबलचक यादी आहे. बीआर-०२ हा नियम सांगतो की बिलाला क्रमांक असलाच पाहिजे. बीआर-सीओ-१५ सांगतो की कराशिवायची एकूण रक्कम आणि कराची एकूण रक्कम यांची बेरीज करासहित रकमेइतकीच आली पाहिजे. असे शेकडो नियम आहेत.

बिल आले की स्वीकारणाऱ्याच्या प्रोग्रॅमला दोन कामे करावी लागतात. आधी या सगळ्या नियमांवर बिल घासून पाहायचे आणि कुठे काय चुकले त्याचा अहवाल तयार करायचा. मग तेच बिल लेखा विभागातल्या माणसाला वाचता येईल अशा पानात बदलायचे. दोन्ही कामांत एका एक्सएमएलमधून दुसरा दस्तऐवज तयार होतो, आणि दोन्ही कामे एक्सएसएलटी या भाषेत लिहिलेल्या स्टाइलशीट करतात. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण म्हणून जाहीर केली. एक्सएमएल स्वतः त्याच्या पावणेदोन वर्षे आधीचे, फेब्रुवारी १९९८ चे.

आता असा एक प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. त्यात एक फंक्शन आहे. त्याला बिल दिले की ते स्टाइलशीटची फाइल उघडते, वाचते, तिच्यावरून बिल चालवते आणि निकाल परत देते. कोड आठ-दहा ओळींचा, स्वच्छ, वाचायला सोपा. चाचणीला तीन बिले दिली तर तिन्ही बरोबर तपासली जातात. दोष शोधायला गेलो तर उत्तरात दोष सापडतच नाही. दोष वेळात आहे आणि तो तीन बिलांत दिसत नाही. समजा, नियमांची ती मोठी स्टाइलशीट वाचून समजून घ्यायला अर्धा सेकंद लागतो आणि एक बिल तपासायला २० मिलिसेकंद. एक लाख बिले आली तर तपासणीचा वेळ २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त. पण तेच ते नियम एक लाख वेळा वाचण्यात ५०,००० सेकंद जातील, म्हणजे जवळजवळ चौदा तास. त्या चौदा तासांत प्रोसेसरने, म्हणजे स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, मिळवलेले ज्ञान दर वेळी सारखेच होते आणि दर वेळी ते फेकून दिले गेले.

उपाय एका वाक्यात सांगता येतो. स्टाइलशीट एकदाच कम्पाइल करा, ते कम्पाइल झालेले रूप मेमरीत जपून ठेवा आणि प्रत्येक बिलाला तेच वापरा. पण हा उपाय केवळ वेगाची युक्ती म्हणून शिकवला जातो, तेव्हा त्यातले मोलाचे निसटते असे मला वाटते. कामातला कोणता भाग ठरलेला आहे आणि कोणता दर वेळी नवा आहे, याची रेघ कुठे ओढायची हा खरा प्रश्न आहे. ती रेघ बरोबर पडली की वेग आपसूक मिळतो. ती चुकीच्या जागी पडली तर वेगही मिळतो आणि चुकीची उत्तरेही मिळतात.

स्टाइलशीट समजून घेताना प्रोसेसर नेमके काय करतो, ते आधी पाहू. स्टाइलशीट स्वतः एक्सएमएलमध्येच लिहिलेली असते, म्हणून पहिली पायरी तिचे वाचन. ती दुसऱ्या स्टाइलशीट आत ओढून घेत असेल, तर त्या फाइलीही आणाव्या लागतात आणि त्यांनी ओढलेल्या आणखी फाइलीही. मग येतात एक्सपाथची सूत्रे. ‘या बिलातल्या सर्व ओळींच्या रकमांची बेरीज’ किंवा ‘ज्याचा चलनसंकेत युरो नाही असा पहिला घटक’ अशा गोष्टी एक्सपाथमध्ये लिहितात. स्टाइलशीटमध्ये ती सूत्रे निव्वळ अक्षरांच्या माळा म्हणून बसलेली असतात. प्रत्येक माळ तोडून तिचे व्याकरण लावायचे, तिच्यातली प्रत्येक उपसर्गाची खूण योग्य नामावकाशाशी जोडायची, प्रत्येक फंक्शन खरोखर अस्तित्वात आहे का ते पाहायचे, प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीतली जागा नेमून द्यायची. शेकडो नियमांच्या स्टाइलशीटमध्ये अशी हजारो सूत्रे असतात.

सगळ्यात रंजक भाग त्यानंतरचा. एक्सएसएलटीचा कार्यक्रम वरून खाली क्रमाने चालत नाही. त्यात टेम्पलेट असतात आणि प्रत्येक टेम्पलेटला एक जुळणी असते, म्हणजे ‘असा घटक दिसला तर मी लागू’. बिलाच्या झाडातून फिरताना प्रोसेसरला प्रत्येक घटकापाशी ठरवावे लागते की इथे कोणते टेम्पलेट लावायचे. सरळधोपट पद्धत म्हणजे सगळ्या जुळण्या एकेक करून पाहणे. टेम्पलेट ३०० आणि बिलात घटक २,००० असतील, तर त्या एका बिलासाठी सहा लाख तपासण्या. कम्पाइल करताना प्रोसेसर हे काम आधीच उरकून ठेवतो. टेम्पलेटांची घटकाच्या नावानुसार वर्गवारी करतो, त्यामुळे ‘ओळ’ नावाचा घटक आला की त्याच नावाची दोन-तीन टेम्पलेट तपासली की झाले. एकाच घटकाला दोन टेम्पलेट लागू पडत असतील तर कोणाचे चालायचे, याचे नियमही प्रमाणातच आहेत. आयात करणाऱ्या स्टाइलशीटचे टेम्पलेट आयात झालेल्या टेम्पलेटवर मात करते. तिथे बरोबरी झाली तर प्राधान्याचा आकडा पाहतात. साध्या नावाच्या जुळणीचा मूळ आकडा शून्य, अटी घातलेल्या जुळणीचा अर्धा, कोणत्याही घटकाला चालणाऱ्या जुळणीचा उणे अर्धा. हे सगळे बिल न पाहता ठरवता येते, म्हणून ते बिल येण्याआधीच ठरवून टाकायचे.

चांगला प्रोसेसर यापुढेही जातो. लूपच्या प्रत्येक फेरीत तेच उत्तर देणारे सूत्र तो लूपबाहेर काढतो. ‘असे घटक शून्यापेक्षा जास्त आहेत का’ असे विचारले असेल, तर सगळे मोजत न बसता पहिला सापडताच ‘हो’ म्हणणारे रूप तो तयार करतो. इतका विचार करायला वेळ लागतो आणि तो विचार एकाच बिलासाठी करणे परवडत नाही. स्टाइलशीट एकदाच चालवायची असेल तर या सगळ्या खटाटोपाने उलट उशीरच होतो. आपण कम्पाइल झालेले रूप टिकवून ठेवणार आहोत, या भरवशावरच प्रोसेसर लिहिणाऱ्यांनी हा खर्च मान्य केला आहे. जुन्या छापखान्यात खिळे जुळवून फर्मा आवळायला लागणारे कष्ट पहिल्या प्रतीसाठी कोणी करत नसे, ते पुढच्या हजार प्रतींसाठी असत.

आता असा प्रश्न येतो की कम्पाइल झालेली एकच स्टाइलशीट एकाच वेळी वीस थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या वीस कामांनी, वापरली तर काही बिघडणार नाही का? बहुतेक भाषांत या प्रश्नाने झोप उडते. एक्सएसएलटीत उडत नाही आणि याचे श्रेय भाषेच्या घडणीला आहे. एक्सएसएलटीत व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की ती बदलता येत नाही. नवशिक्याला हे फार जाचते. लूपमध्ये एक-एक वाढणारा मोजणीचा आकडा ठेवता येत नाही, मग बेरीज कशी करायची, असे तो विचारतो. पण हे बंधन लहरीखातर घातलेले नाही. एक्सएसएलटीच्या मागे डीएसएसएसएल ही १९९६ ची आयएसओ प्रमाणित भाषा आहे. ती स्कीम या फंक्शनल भाषेवर उभी होती, आणि तिचा जेड हा प्रसिद्ध प्रोसेसर याच क्लार्क यांनी लिहिला होता. टेम्पलेट कोणत्या क्रमाने लागले तरी उत्तर तेच यावे, हे तत्त्व तिथून आले. त्याचाच परिणाम म्हणजे चालताना कम्पाइल झालेल्या स्टाइलशीटवर कोणी काहीच लिहीत नाही, सगळे फक्त वाचतात. जे फक्त वाचले जाते ते कितीही थ्रेडनी एकत्र वापरले तरी बिघडत नाही. एक पळवाट मात्र आहे. स्टाइलशीटमधून बाहेरच्या भाषेतली फंक्शने बोलावता येतात, आणि अशा फंक्शनने कुठल्या सामायिक जागेत काही लिहिले तर हे सगळे संरक्षण संपते. तशी फंक्शने शक्यतो नसावीतच, या मताचा मी आहे.

जावा भाषेत ही विभागणी फार नेटकी केलेली आहे. २००१ सालच्या जॅक्सपी १.१ मध्ये आलेल्या आणि पुढच्या वर्षी जावा १.४ चा भाग झालेल्या रचनेत दोन वेगळ्या वस्तू आहेत. टेम्प्लेट्स नावाची वस्तू म्हणजे अख्खी कम्पाइल झालेली स्टाइलशीट. ही अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरली तरी सुरक्षित असलीच पाहिजे, असे वचन त्या रचनेच्या कागदपत्रांतच आहे. दुसरी वस्तू ट्रान्सफॉर्मर. ती टेम्प्लेट्सपासून काढायची, एका कामाला वापरायची आणि सोडून द्यायची. तिच्यात या वेळचे पॅरामीटर, या वेळची निकालाची मांडणी, या वेळच्या चुका ऐकणारा असे सारे ‘या वेळचे’ सामान असते, म्हणून ती दोन थ्रेडना एकाच वेळी देता येत नाही. नवा ट्रान्सफॉर्मर काढणे अगदी स्वस्त असते. तरीही काही जण तोच साठवून ठेवतात आणि पुनःपुन्हा वापरतात. मग आधीच्या ग्राहकासाठी दिलेला भाषेचा पॅरामीटर पुसायचा राहतो आणि फ्रेंच ग्राहकाच्या बिलावर जर्मन मथळे येतात. चूक रोज घडत नाही, योग जुळला तरच घडते, म्हणून ती शोधायला अवघड. टेम्प्लेट्स ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर टाका, एवढे पाळले तर अशा चुकांची पूर्ण जातच टळते.

मायक्रोसॉफ्टच्या जगातही हाच विचार दिसतो. त्यांच्या एमएसएक्सएमएल ३.० मध्ये कम्पाइल झालेली स्टाइलशीट आणि तिच्यापासून दर वेळी काढायचा प्रोसेसर अशा दोन वस्तू होत्या. डॉटनेटच्या २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीतली एक्सएसएलटीची यंत्रणा स्टाइलशीटचा अर्थ चालता चालता लावणारी होती. २००५ साली तिची जागा कम्पाइल करणाऱ्या नव्या यंत्रणेने घेतली. ती स्टाइलशीटचे डॉटनेटच्या मधल्या भाषेत रूपांतर करते. भरायला जड, चालायला हलकी, आणि भरून झाल्यावर अनेक थ्रेडना सामायिक वापरता येणारी. सी भाषेतली लिबएक्सएसएलटी, आणि तिच्यावर उभे असलेले पायथन व पीएचपीचे संच, यांतही स्टाइलशीटची वस्तू एकदा तयार करून ती पुनःपुन्हा लावण्याची सोय आहे. नावे वेगळी, रेघ तीच.

कम्पाइल करायचेच तर किती खोल? नुसते सूत्रांचे झाड तयार करून ते चालवायचे की थेट यंत्राला कळणाऱ्या सूचना तयार करायच्या? सन कंपनीने दुसरा मार्ग धरला. त्यांच्या एक्सएसएलटीसी या कम्पायलरमध्ये प्रत्येक स्टाइलशीटचा जावाच्या बाइटकोडमधला एक क्लास तयार होतो आणि त्याला ते ट्रान्सलेट म्हणत. पुढे हा कम्पायलर अपाचेच्या झालान प्रकल्पात गेला आणि २००४ च्या जावा ५ पासून जावासोबत येणारा मूळ प्रोसेसर झाला. ज्यांनी कधी प्रोसेसर निवडण्याचा विचारही केला नाही, त्यांच्या प्रोग्रॅममध्येही तेव्हापासून हा कम्पायलर चालत आला आहे.

या मार्गावर एक अडथळा होता. जावाच्या क्लास फाइलीत काही मोजमापे सोळा बिटांत लिहिली जातात. एका मेथडचा कोड ६४ किलोबाइटच्या आत बसला पाहिजे आणि स्थिर किमतींच्या कोष्टकातली संख्याही सोळा बिटांत मावली पाहिजे. माणूस हाताने लिहितो त्या कोडला ही मर्यादा क्वचितच जाणवते. पण स्टाइलशीटमधून निर्माण होणाऱ्या कोडला ती पटकन भिडते, कारण एकेक टेम्पलेट पानेच्या पाने लांब असू शकते. मेथडची मर्यादा ओलांडली की कोडचे तुकडे करावे लागतात. स्थिर किमतींच्या कोष्टकाबाबत मात्र कम्पायलरमध्ये एक दुर्लक्ष राहून गेले होते आणि ते २०२२ साली उघडकीस आले. कोष्टकातली संख्या सोळा बिटांच्या पलीकडे गेली तर ती तपासली न जाता कापली जात होती. मग कोष्टकाचा उरलेला भाग क्लास फाइलीतला पुढचा मजकूर म्हणून वाचला जाई. मुद्दाम रचलेली स्टाइलशीट कम्पाइल करायला लावून आपल्या पसंतीचा बाइटकोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवता येणे त्यामुळे शक्य झाले. हा दोष सीव्हीई-२०२२-३४१६९ या क्रमांकाने नोंदला गेला आणि दुरुस्तही झाला. पण त्यातून जे कळले ते दुरुस्तीनंतरही खरेच आहे. स्टाइलशीट ही सजावटीची फाइल नाही, तो कोड आहे. बिल बाहेरून येणार, ते अनोळखी असणार, हे गृहीत धरायचे. स्टाइलशीट मात्र कधीही बाहेरून घ्यायची नाही. स्टाइलशीट सुरुवातीलाच स्वतःच्या ताब्यातल्या जागेतून कम्पाइल करून नंतर तो दरवाजा बंद करणे, हा या दृष्टीनेही शहाणपणाचा मार्ग आहे.

त्याच एका सुरुवातीच्या कम्पाइलमुळे दुसरा लाभ होतो आणि वेगाइतकाच तो मला मोलाचा वाटतो. अस्तित्वात नसलेल्या टेम्पलेटला बोलावले असेल, सूत्रात कंस राहिला असेल, आयात करायची फाइल जागेवर नसेल, तर सर्व्हर सुरू होतानाच कळते. बिलागणिक कम्पाइल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रांग तुंबलेली असताना, पहिल्यांदा तोंड दाखवते. फाइल न सापडण्याची तक्रार विशेषतः वारंवार येते. स्टाइलशीट फाइलच्या पत्त्याऐवजी नुसत्या बाइटच्या प्रवाहातून दिली, तर तिच्यातल्या सापेक्ष पत्त्यांना ‘कुठल्या जागेपासून’ हेच माहीत नसते. म्हणून प्रवाह देताना त्यासोबत मूळ पत्ताही द्यायचा असतो, आणि हे विसरणे फार सोपे आहे.

रेघ आणखी मागे सरकवता येते. सर्व्हर सुरू होताना तरी कशाला, प्रोग्रॅम बांधतानाच स्टाइलशीट कम्पाइल करून त्याच्यासोबत का पाठवू नये? मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २००८ च्या सुमारास यासाठी एक वेगळे साधन दिले होते, ते स्टाइलशीटची सरळ डीएलएल फाइल करून देई. सॅक्सन हा मायकेल के यांचा प्रोसेसर. एक्सएसएलटीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीचे, म्हणजे २००७ आणि २०१७ च्या प्रमाणांचे संपादकही तेच. सॅक्सनमध्ये कम्पाइल झालेले सूत्रांचे झाड एसईएफ नावाच्या फाइलीत उतरवून ठेवता येते आणि दुसऱ्या यंत्रावर ती थेट चालवता येते. सॅक्सनची जावास्क्रिप्ट आवृत्ती ब्राउझरमध्ये अशाच फाइली चालवते. तिचा सगळ्यात देखणा भाग असा की तिच्यातला कम्पायलर स्वतः एक्सएसएलटीत लिहिलेला आहे आणि तोही आधीच कम्पाइल करून एसईएफच्या रूपात सोबत दिला जातो. २०२५ साली क्रोमच्या कर्त्यांनी ब्राउझरमध्ये मुळापासून असलेली एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. त्या निर्णयाचा सर्व्हरवरच्या कामाशी संबंध नाही, पण ज्यांना ब्राउझरमध्येच हे करायचे आहे त्यांच्यासाठी या मार्गाचे महत्त्व त्यामुळे वाढले.

युरोपीय बिलांचे नियम तर जन्मतःच दोन पायऱ्यांचे आहेत. ते स्कीमाट्रॉन या भाषेत लिहिलेले असतात. रिक जेलिफ यांनी १९९९ साली तैपेईच्या अकादेमिया सिनिकात असताना ती मांडली आणि २००६ मध्ये ती आयएसओ प्रमाण झाली. स्कीमाट्रॉनमध्ये नियम माणसाच्या वाक्याच्या जवळ जाणारा असतो. अमुक घटकापाशी अमुक सूत्र खरे असले पाहिजे, नसेल तर हा संदेश द्या. ते चालवण्याची रूढ पद्धत अशी की स्कीमाट्रॉनची फाइल एक्सएसएलटीने बदलून तिच्यातूनच एक स्टाइलशीट निर्माण करायची. जुन्या प्रचलित साधनात यासाठी एकामागून एक तीन रूपांतरे करावी लागत. समावेश सोडवणे, अमूर्त नमुने उलगडणे, आणि शेवटी प्रत्यक्ष स्टाइलशीट लिहिणे. बिलागणिक सगळे पहिल्यापासून करणारा प्रोग्रॅम म्हणजे बिलागणिक तीन स्टाइलशीट कम्पाइल करून चालवणार, त्यांच्यातून चौथी निर्माण करणार, तीही कम्पाइल करणार आणि मग कुठे बिलाला हात लावणार. म्हणूनच ईएन १६९३१ चे नियम प्रसिद्ध करणारे स्कीमाट्रॉनसोबत त्याची तयार एक्सएसएलटीही देतात. पहिली पायरी त्यांनी सगळ्यांच्या वतीने एकदाच चढलेली असते.

हा प्रश्न युरोपीय बिलांपुरता नाही. आपल्याकडे भारतीय रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ च्या एक्सएमएल संदेशांवर चालते, आणि यूपीआयचे संदेशही एक्सएमएलमध्येच असतात. ज्या प्रोग्रॅममधून असे संदेश दिवसभर वाहतात, तिथे एका संदेशामागचा अर्धा सेकंद ही चैन कोणालाच परवडत नाही.

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला काय राहावे ते पाहू. आजची तारीख, ग्राहकाची भाषा, शाखेचा संकेत या गोष्टी पॅरामीटर म्हणून चालवतानाच द्यायच्या. स्टाइलशीटच्या मजकुरात त्या चिकटवून प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी स्टाइलशीट बनवणारे प्रोग्रॅम असतात, आणि तिथे कम्पाइल झालेल्या रूपांचा साठा फुगत जाऊन मेमरी खातो. शोधासाठी एक्सएसएलटीत जी ‘की’ असते, तिची व्याख्या कम्पाइल होते, पण प्रत्यक्ष अनुक्रमणिका प्रत्येक बिलासाठी नव्याने तयार होते, कारण ती बिलातल्या मजकुरावर अवलंबून असते. संकेतांच्या याद्यांचे प्रकरण मधले आहे. चलनांचे संकेत वेगळ्या फाइलीत ठेवून चालताना वाचले, तर स्टाइलशीट कम्पाइल केलेली असूनही ती फाइल दर वेळी उघडली जाऊ शकते. ईएन १६९३१ च्या तयार नियमांत म्हणूनच चलनांची यादी सूत्रातच, एका लांब अक्षरमाळेत लिहून टाकलेली आहे. दिसायला ती ओबडधोबड आहे, पण यादी बदलते तेव्हा नियमांची नवी आवृत्तीच निघते, त्यामुळे तिची जागा ठरलेल्या बाजूलाच आहे. मला ही निवड पटते.

आकड्यांच्या मांडणीतही हेच दिसते. मराठी वाचकासाठी रक्कम लाख-कोटींच्या गटांत आणि देवनागरी अंकांत हवी असेल तर एक्सएसएलटीत त्याची सोय आहे. शून्य म्हणून कोणते चिन्ह धरायचे ते स्टाइलशीटमध्ये जाहीर करता येते. दुसऱ्या आवृत्तीपासून स्वल्पविरामांच्या जागा असमान अंतरावर असलेला नमुनाही चालतो, म्हणजे आधी तीन अंकांवर आणि मग दोन-दोन अंकांवर. मात्र असमान नमुना आपोआप पुढे वाढत नाही, त्यामुळे अब्जापर्यंत स्वल्पविराम हवे असतील तर नमुना तेवढा लांब लिहावा लागतो. हा नमुना थेट लिहिलेला असेल तर त्याचे विश्लेषण कम्पाइलच्या वेळीच होऊ शकते. तो चालताना जुळवला तर ते विश्लेषण प्रत्येक आकड्यापाशी करावे लागेल.

शेवटी राहिला बदल. नियम कायमचे नसतात. जर्मनीचा एक्सरेश्नुंग हा ईएन १६९३१ चा राष्ट्रीय अवतार ब्रेमेनचे कोझिट हे कार्यालय सांभाळते आणि त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात. जुन्या आवृत्तीप्रमाणे केलेले बिल जुन्याच नियमांनी तपासावे लागते. सुदैवाने प्रत्येक बिलात आपण कोणत्या आवृत्तीप्रमाणे आहोत हे सांगणारा एक घटक असतो, बीटी-२४. त्यामुळे कम्पाइल झालेल्या स्टाइलशीटचा साठा त्या किमतीनुसार लावायचा आणि दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी तयार ठेवायच्या. नवी आवृत्ती आली की ती बाजूला कम्पाइल करायची आणि पूर्ण तयार झाल्यावरच साठ्यातला दुवा एका फटक्यात बदलायचा. अर्ध्यावर असलेली बिले आपल्या हातातल्या जुन्या वस्तूवर चालत राहतात, त्यांना धक्का लागत नाही. फाइल बदलली का हे तपासून आपोआप नवे कम्पाइल करणार असाल, तर केवळ मुख्य फाइलीची वेळ पाहून भागत नाही, आत ओढलेल्या प्रत्येक फाइलीची वेळ पाहावी लागते.

आणि दुवा बदलण्याआधी एक तपासणी करायची. कम्पाइल यशस्वी झाले म्हणजे स्टाइलशीट बरोबर आहे असे नव्हे. सूत्रात घटकाचे नाव एका अक्षराने चुकले तरी साध्या एक्सपाथला ते चालते. तसा घटक बिलात नाही, एवढाच अर्थ तो काढतो आणि रिकामा संच परत देतो. कम्पायलरला स्कीमाची, म्हणजे बिलात कोणते घटक असू शकतात त्या आराखड्याची, ओळख करून दिलेली नसेल तर तो इथे काहीच बोलत नाही. नियम कधी लागूच होत नाही आणि चुकीचे बिल बिनतक्रार पुढे सरकते. म्हणून प्रत्येक नव्या स्टाइलशीटवर दोन बिले चालवून पाहायची, एक पूर्ण बरोबर आणि एक मुद्दाम बिघडवलेले, ज्यात बेरीज एका सेंटने चुकवलेली आहे. दुसऱ्या बिलाच्या अहवालात बीआर-सीओ-१५ चे नाव आले नाही, तर साठ्यातली जुनी वस्तू जागेवरच ठेवायची आणि माणसाला कळवायचे.